रविवारी देहदान होत नाही का साहेब?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

साहेब, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अ‍ॅनाटॉमी (शरीररचनेचा विषय) मागच्या वर्षी संपली तरी डी-हॉलचा, म्हणजे मृतदेह उघडून शिकतो त्या हॉलचा, फॉर्मलिनचा (देह टिकवायच्या रसायनाचा) वास अजून अ‍ॅप्रनला येतो असं वाटतं. पहिल्या दिवशी आम्ही टेबलाभोवती उभं राहून शपथ घेतली होती, की समोर झोपलेला माणूस आमचा पहिला गुरू आहे आणि आम्ही त्याचा मान राखू. तेव्हा अर्धं लक्ष डोळ्यातून येणाऱ्या पाण्याकडेच होतं, शपथेचा अर्थ नंतर कळला.

एक दिवस आम्ही दंडातली धमनी सोडवत होतो. पुस्तकात ती कोपरापुढे येऊन फुटते आणि रेडियल, अल्नर अशा दोन होतात, पण आमच्या टेबलवर रेडियल वर काखेजवळच फुटलेली, आम्ही घाबरलो की आपणच काहीतरी भलतंच कापलं. मॅडमनी फोर्सेप्सने ती अलगद उचलून दाखवली आणि म्हणाल्या, चुकलं नाही रे, काही माणसांची अशीच असते, उद्या मनगटातून अ‍ॅन्जिओग्राफी करताना वायर अडली की हा हात आठवेल. हल्ली व्हर्च्युअल टेबलचं, म्हणजे स्क्रीनवर देह उघडून दाखवणाऱ्या टेबलचं, खूप कौतुक चाललंय आणि ते असावंच, पण त्यात तेच ठरलेले देह असतात, कितीही वेळा उघडा. असा वेगळा हात खऱ्या माणसातच भेटतो.

आता घरचं सांगते. माझ्या आजोबांनी देहदानाचा फॉर्म भरला होता, मी मेडिकलला लागले त्या आनंदात. ते गेले शनिवारी रात्री. बाबांनी फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला, कोणी उचलला नाही, सकाळी एकाने उचलला तर म्हणाला आज रविवार, स्टाफ नाही, गाडी पण नाही, सोमवारी बघू, तोपर्यंत बर्फात ठेवा. घर माणसांनी भरलेलं, आत्या रडून रडून बेजार, भावकी म्हणतेय किती वेळ ठेवणार, आणि बाबा खिशातला फॉर्म काढून परत परत वाचतायत. दुपारी आम्ही आजोबांना स्मशानात नेलं.

आणि साहेब, मेलेलं शरीर सोमवारपर्यंत थांबत नाही हो. हिस्टोच्या (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या विषयाच्या) जर्नलमध्ये आम्ही गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीने ज्या पेशी काढतो ना, त्यातल्या पॅन्क्रियाजच्या आणि आतड्याच्या पेशी माणूस गेल्यावर काही तासांतच स्वतःच्याच एन्झाइमने विरघळायला लागतात. उशिरा घेतलेल्या तुकड्याची स्लाइड केली की पेशीचं केंद्र, न्यूक्लियस, दिसत नाही, नुसता गुलाबी पसारा. म्हणून देह लवकर येऊन लवकर एम्बाम होणं, म्हणजे रसायन भरून टिकवला जाणं, हाच यातला सगळा मुद्दा आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी १० नवीन सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. जालना, हिंगोली, वाशीम, गडचिरोली, खूप चांगलं झालं, तिथल्या पोरांना घराजवळ शिकता येईल. पण त्यांच्या टेबलवर देह कुठून येणार? १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्यात बेवारस मृतदेहांची सोय आहे, पण फक्त त्यावर किती दिवस चालवायचं, लोक आपणहून द्यायला तयार असताना?

मागणं फार मोठं नाही. अख्ख्या राज्याला एकच नंबर द्या जो रात्री दोनला पण उचलला जाईल, प्रत्येक जिल्ह्याला एक शववाहिका आणि सुट्टीच्या दिवशी एम्बामिंगला ड्युटीवर एक माणूस, बस. ज्या कॉलेजकडे देह जास्त येतात त्यांनी शेजारच्या नव्या कॉलेजला देण्याची पद्धत ठरवून टाका, म्हणजे घरच्यांना चार ठिकाणी फोन फिरवावे लागणार नाहीत. आणि कोणत्या केसमध्ये देह घेता येत नाही, पोस्टमॉर्टेम झालेलं असलं तर वगैरे, ते फॉर्मवरच मराठीत मोठ्या अक्षरात छापा, दारात आलेल्या माणसाला परत पाठवण्यापेक्षा ते बरं.

आजीने पण फॉर्म भरलाय, आजोबांच्या सोबतच. तो कपाटात साडीच्या घडीखाली ठेवलाय. परवा मला विचारत होती, मी रविवारी गेले तर काय करशील गं? मला उत्तर देता आलं नाही, ते तुम्ही द्या साहेब.

आपली,
दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी