जे घेऊ दिलं नाहीत, त्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडू पाहणाऱ्या प्रत्येकाला वरच्या मजल्यावर तुमच्यासारखा माणूस मिळेलच असं नाही. नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि जिन्यात रांग लागेल ती वेगळीच.

आभार मुख्यतः नकारांचे. लेकीला क्लाउनफिशच्या (पट्टेरी नारिंगी माशांच्या) जोडीला ॲनिमोन, म्हणजे डंख मारणाऱ्या झुबक्यांचा फुलासारखा समुद्री प्राणी, हवाच होता. तुम्ही तिलाच समोर बसवून विचारलंत, "समुद्रात हा मासा ॲनिमोनमध्ये का लपतो?" मोठे मासे खातील म्हणून, असं ती म्हणाली. "मग तुझ्या टाकीत त्याला खाणारं कोण आहे?" विषय तिथेच मिटला. घरच्या टाकीत क्लाउन ॲनिमोनशिवाय खुशाल जगतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. का सांगतील?

ॲनिमोनबद्दल तुम्ही जे समजावलंत ते इथे लिहून ठेवते. नवख्याने घ्यायचाच तर बबल टिप जातीचा घ्यावा, कार्पेट जातीच्या वाटेला जाऊ नये. आणि बबल टिपसुद्धा टाकी सहा महिने ते वर्षभर मुरल्यावरच. तो एका जागी बसत नाही. प्रकाश आणि प्रवाह मनासारखा मिळेपर्यंत सरकत राहतो, वाटेतल्या कोरलला (प्रवाळाला) डंख मारतो, आणि पॉवरहेडला, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाला, जाळी नसेल तर त्यात ओढला जाऊन त्याच्या चिंध्या होतात. मेलेला वेळेत काढला नाही तर अख्खी टाकी नासते. विकत घेताना तोंड घट्ट मिटलेलं आणि पाय चिकटलेला हवा. पांढराफटक ॲनिमोन कितीही देखणा दिसला तरी त्याच्या अंगातलं शेवाळ निघून गेलेलं असतं, म्हणजे तो उपाशी असतो. दुसऱ्या टोकाला एप्टेशिया: दगडावरून फुकट येणारा चिमुकला ॲनिमोन, जो खरवडला तर तुकड्यातुकड्यातून पुन्हा उगवतो.

दुसरा नकार हॅमर कोरल या कडक सांगाड्याच्या प्रवाळाला. एका दुकानदाराने स्वस्तात देऊ केला होता. तुम्ही पहिला प्रश्न कागदपत्रांचा काढलात. कडक सांगाडा बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत, समुद्रपंखेही. आपल्या किनाऱ्यावरून ती काढणं आणि विकणं गुन्हा आहे. परदेशातून आलेली असतील तर साइट्सचे (CITES, वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाने लागतात. मालवणला पाण्याखाली प्रवाळ बघून आलेल्या माझ्यासारखीला हे पटायला वेळ लागला नाही. शिवाय अशा कोरलला पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (क्षारता) सतत राखावी लागते. सॉफ्ट कोरलला, म्हणजे कडक सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांना, तेवढे लाड नकोत.

म्हणून आमच्याकडे आली ती साधी मंडळी. मशरूम कोरल खाली, मंद प्रकाशात आणि हलक्या प्रवाहात. झोआ (छोट्या फुलांसारखे पुंजक्याने वाढणारे जीव) मधल्या उंचीवर, आणि त्यांना हात लावताना हातमोजे सक्तीचे, कारण काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. झोआ असलेला दगड कधीही उकळायचा नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. ग्रीन स्टार पॉलिप वेगळ्या सुट्या दगडावर, नाहीतर ते गाजरगवतासारखं सगळीकडे पसरतं. आणि टोडस्टूल लेदर, छत्रीसारखं मऊ कोरल, आमचा लाडका. तो काही दिवस मिटून, मेणचट होऊन बसतो, तेव्हा कात टाकतोय समजायचं आणि हात लावायचा नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर मी रोज रात्री टॉर्च घेऊन बसले असते. गंमत म्हणजे क्लाउनची जोडी आता त्या लेदरमध्येच झोपते.

आकडे तुम्ही फ्रिजवर चिकटवून दिलेत ते अजून तिथेच आहेत: खारटपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व), तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक). अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पण नायट्रेट शून्यावर आणायचा हट्ट नको, सॉफ्ट कोरलला थोडं मळकट पाणी मानवतं. गंगापूर धरणाचं पाणी आपल्याला कितीही गोड लागो, टाकीत आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं पाणीच. नाशिकचा उन्हाळा चाळिशीला टेकतो तेव्हा पाण्यावरून पंखा, आणि पाणी उडालं की भर गोड्या पाण्याची, कारण मीठ उडत नाही. थंडीत हीटर. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. तो तुमचाच आहे आणि परत करायचं मी मुद्दाम विसरतेय.

लेदरचा एक तुकडा कापून दगडाला बांधलाय, आता नीट धरलाय. रविवारी सकाळी घरी असाल तर घेऊन येते. फिल्टरमधला कार्बन बदललाय, विचारू नका.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची