अंगठी काढून वाटीत ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

नाव कुठं टाकू नको म्हणाले होते तुम्ही, म्हणून टाकत नाही. आभार-बिभार मानायचे नाहीत असंही म्हणाले होते, ते मात्र मी ऐकणार नाही. पाच महिने होत आले त्या गोष्टीला, मागच्या आठवड्यात स्कायडायव्हिंगच्या स्पर्धेहून परत आले, बॅग उघडली आणि कॅमेऱ्याच्या पाऊचमधे तुमच्या घरची ती स्टीलची वाटी निघाली. तिथंच खाली बसून रडले मी. आई म्हणे काय झालं, तिला सांगताही येईना. म्हणून हे पत्र.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी घराघरात शिरली. आमचं घर अंबाझरी लेआऊटमधे, तळमजल्यावर. आदल्याच दिवशी घरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, चाळीस पानं उठली होती, आंबीलीचं पातेलं अजून ओट्यावर तसंच होतं, सगळे थकून झोपलेले. जाग आली तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत. आईनं महालक्ष्म्यांचे मुखवटे उचलले, बाबांनी आजीला उचललं, आणि मी लॅपटॉप उचलला. रिग दिवाणात होती, लॉगबुक, म्हणजे माझ्या उड्यांची नोंदवही, टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमधे. दोन्ही माझ्या लक्षात आलं तेव्हा दिवाणाचं झाकण पाण्याखाली गेलं होतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, रिग म्हणजे आम्ही स्कायडायव्हर लोक पाठीवर घेतो ती बॅग. तिच्यात दोन छत्र्या, म्हणजे पॅराशूट असतात, एक मेन आणि एक रिझर्व्ह. मेन दगा देते तेव्हा जीव त्या दुसरीवर असतो. आणि एक छोटंसं यंत्र असतं, एएडी, माणूस बेशुद्ध पडला किंवा हँडल ओढायचं राहून गेलं तर साधारण साडेसातशे फुटांवर ते आपणहून रिझर्व्ह बंद ठेवणारा दोरा कापतं आणि रिझर्व्ह उघडते. चार वर्षं दुबईत नोकरी करून, तिथं पगारातून पैसे वाचवून वाचवून मी ही रिग सेकंडहँड घेतली होती. गटाराचं पाणी, माती, शेवाळ, कुणाकुणाच्या घरातलं काय काय, सगळं तिच्यात गेलं.

आता थोडं कडू बोलते. ज्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त भरोसा होता ना, त्या लोकांना मी त्याच दिवशी फोटो पाठवले. ग्रुपवर हात जोडलेले इमोजी आले, "स्टे स्ट्राँग" आलं, एवढंच. ज्या सीनियर जम्परकडून ही रिग घेतली होती, हजाराच्या वर उड्या असलेला माणूस, त्याला फोन केला तर म्हणे, "अगं नायलॉन आहे ते, दोन तास कडक उन्हात टाक, काही होत नाही." मी टाकणारच होते काका, गच्चीवर दोरी बांधून झाली होती. आणि लॉगबुकचं सांगितलं तर म्हणाला, नवीन वही आण, पाहिजे तेवढ्या उड्या लिही, मी सह्या मारून देतो. अगदी सहज म्हणाला. जिथं मी पहिल्या दीडशे उड्या मारल्या त्या ड्रॉपझोनला, म्हणजे उड्या मारायच्या केंद्राला, तीन मेल टाकले, की तुमच्याकडं मॅनिफेस्टचे, म्हणजे कोण कुठल्या विमानातून उडालं त्याच्या यादीचे, रेकॉर्ड असतील तर द्या, आजपर्यंत एकाचंही उत्तर नाही.

तुमच्यापर्यंत मी कशी पोचले ते लांबण आहे, बाबांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधले कोणीतरी म्हणाले की हजारी पहाडला एअर फोर्सचे एक रिटायर्ड आहेत, पॅराशूट सेक्शनला होते, विचारून पाहा. मी आणि भाऊ प्लास्टिकच्या टबात ती रिग घेऊन आलो, टबातून पाणी गळत होतं, वास येत होता, आणि मला तुमच्या स्वच्छ पुसलेल्या हॉलमधे पाय टाकायचीही लाज वाटून राहिली होती. तुम्ही दारातच विचारलं, "उन्हात तं नाही न टाकली?" मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणाले, "मंग ठीक आहे. ऊन खाते नायलॉनले. पाणी एवढं नाही खात." मी दोन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

आणि मग ते, ज्याच्यासाठी हे सगळं पत्र आहे.

तुम्ही काकूंना पांढरी चादर पसरायला सांगितली. बाथरूममधे जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, डॉक्टर धुतात तसे. कोरडे केले. मग घड्याळ काढलं. मग बोटातली अंगठी काढायला लागले, ती निघेना, किती वर्षांची असेल कोण जाणे, बोट जाड झालेलं, तुम्ही परत आत गेले, तेल लावलं, पिळून पिळून काढली, परत हात धुतले, परत पुसले. अंगठी एका छोट्या स्टीलच्या वाटीत ठेवली आणि वाटी टीव्हीच्या बाजूला. बोटावर पांढरा वळ पडला होता. मी म्हटलं काका राहू द्या ना, ती तर आधीच चिखलात बरबटली आहे, आता अंगठीनं काय होणार आहे. तुम्ही माझ्याकडं पाह्यलंही नाही, म्हणाले, "कापडाले अंगठी लागली की धागा ओढला जाते. कापड चिखलाचं असो की नवं असो, वरून कुदणारं पोरगं तेच असते."

काका, ती रिग गेल्यातच जमा आहे असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं, माझ्या मनातही तेच होतं. तुम्ही मात्र तिला हात लावायच्या आधी अंगठी काढली. तोवर दोनशे चौदा उड्या मारल्या होत्या मी, वेगवेगळ्या देशातले इन्स्ट्रक्टर पाह्यले, पाच-पाच कॅमेरे डोक्यावर लावणारे पाह्यले, माझ्या सामानाला इतक्या मानानं कोणी हात लावल्याचं मला आठवत नाही. आणि ते सामान तुमच्या काही कामाचं नव्हतं, पैशाचं तर तुम्ही नावच काढू दिलं नाही.

रिझर्व्हचं सील पाहून तुम्ही थांबले. लाल दोरा, त्याला शिशाची बारीकशी गोळी, तिच्यावर रिगरचा, म्हणजे रिझर्व्ह तपासून पॅक करणाऱ्या माणसाचा शिक्का. ओली रिझर्व्ह तशीच आत ठेवून चालणार नव्हतं, पण तुम्ही म्हणाले हे सील ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय मी तोडणार नाही. मग व्हिडिओ कॉलवर माझ्या रिगरला दाखवलं, तो हो म्हणाला, तेव्हा तुम्ही दोरा कापला आणि ती गोळी कागदाच्या पुडीत बांधून, तारीख टाकून माझ्या हातात दिली. आणि लगेच सांगून टाकलं की मी धुऊन देईन, वाळवून देईन, एक एक शिवण तुला दाखवीन, पण पॅक करणार नाही. मी हट्ट केला होता, आठवते तुम्हाला? म्हटलं आयुष्यभर तेच केलं ना तुम्ही. तर म्हणाले, "माह्या हातानं एअर फोर्सच्या बांधल्या, हिचं पुस्तक मी वाचलं नाही. जे येत नाही त्याच्यावर सही नाही." एवढा अनुभवी माणूस मला येत नाही म्हणतो, आणि तिकडं तो हजार उड्यावाला फोनवरच न पाहता सांगतो की उन्हात टाक.

छत्र्या वाळवायला तुमच्या कॉलनीच्या समाजभवनाची किल्ली आणली, तिथं गणपती बसलेला. खिडक्या उघडून, पंखे लावून, एका बाजूला मेन आणि दुसऱ्या बाजूला रिझर्व्ह लटकवली, मधे बाप्पा. संध्याकाळी आरतीला आलेल्या बायका वर पाहात होत्या, एक छोटा मुलगा म्हणे यावर्षी डेकोरेशन भारी आहे. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन सांगत बसले की आग्र्याला पॅराट्रूपर्सची शाळा आहे, आणि एअर फोर्सची स्कायडायव्हिंगची आकाशगंगा टीम १९८७ साली उभी राह्यली तेव्हाच्या गोष्टी. तेव्हाच आईनं काकूंना विचारलं होतं, पोरीच्या जातीनं हे करावं का, तर काकूंनी तिला पुण्याच्या शीतल महाजनचं नाव घेऊन सांगितलं, २००४ ला उत्तर ध्रुवावर उडी मारली त्या बाईनं, २०११ ला पद्मश्री मिळाली, तुमची पोरगी काही वेगळं करून नाही राहिली. आई त्यानंतर मला कधीच काही बोलली नाही या बाबतीत. काकू, हे तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते.

लॉगबुक तर काकूंनीच वाचवलं. मी हेअर ड्रायर लावणार होते, तो त्यांनी हातातून काढून घेतला. नातवाच्या ड्रॉइंगच्या वहीतली कोरी पानं फाडून फाडून, एक एक पान सुरीच्या पाठीनं सोडवून, मधे कोरा कागद घालत होत्या, तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचे. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते म्हणाल्या. आणि पानं उघडली तेव्हा जे दिसलं ते मी विसरूच शकत नाही. मी जेल पेननं लिहिलेलं सगळं वाहून गेलं होतं. कुठल्या विमानातून, किती फुटांवरून, काय शिकले, कुठं घाबरले, सगळ्याचे निळे डाग. पण प्रत्येक पानावर ज्यांनी माझी उडी पाह्यली होती त्यांच्या सह्या आणि लायसन्स नंबर जसेच्या तसे, कारण ते सगळे बॉलपेननं होते. उडी नंबर २०० च्या रकान्यात माझा मजकूर गायब आणि सही खणखणीत.

त्या एका सहीचं मोल काय ते सांगते. बहुतेक ठिकाणी दोनशे उड्या झाल्याशिवाय हेल्मेटवर कॅमेरा लावू देत नाहीत, कारण कॅमेऱ्यात दोर अडकू शकतो आणि लक्षही विचलित होतं. दोनशे उड्यांनंतर जे मिळतं त्या सी लायसन्सचा माझा अर्ज करायचा राहून गेला होता, म्हणजे दोनशे झाल्याचा पुरावा म्हणून फक्त ती वही. आणि आमच्या फोर-वे टीममधे मी कॅमेऱ्यावर. चौघं हवेत एकमेकांना धरून आकृत्या, म्हणजे फॉर्मेशन करतात, पस्तीस सेकंद मिळतात, आणि जजेस फक्त माझा व्हिडिओ पाहून पॉइंट देतात. माझ्या फ्रेममधे जे आलं नाही ते त्यांच्यासाठी झालंच नाही. मी बाहेर पडले असते तर त्या चौघांची वर्षभराची मेहनत गेली असती.

खरं सांगते काका, एका रात्री मी नवी वही घेऊन बसले होते. तो सह्या मारून देतच होता. कोणाला कळलं असतं? मग तुमच्या बोटावरचा तो पांढरा वळ डोळ्यांसमोर आला आणि मी वही बंद केली.

पुढचं थोडक्यात. रिगरनं रिझर्व्ह टेबलावर पसरून इंच इंच पाह्यली, कापडाला क्लॅम्प लावून ताण दिला, टिकली, पास झाली. मेनचे दोर नवे टाकावे लागले, एएडी दुसरं घ्यावं लागलं, त्याचे हप्ते चालू आहेत. स्पर्धेत लॉगबुक तपासणाऱ्या बाईंनी ती फुगलेली, डाग पडलेली वही हातात घेतली, एक एक सही पाह्यली, उडी २०० वर बोट ठेवलं, मग वही मिटून दोन्ही हातांनी मला परत दिली. कॅमेरा लावायची परवानगी मिळाली. आम्हाला मेडल नाही मिळालं, पण प्रत्येक राउंडचा व्हिडिओ स्वच्छ आला, एकही पॉइंट फ्रेमच्या बाहेर गेला नाही.

त्या पुराच्या दिवसांत मी एक पाह्यलं, ज्यांना खूप येतं त्यांच्यातले कितीतरी जण आले नाहीत, आणि अनोळखी घरांतून डबे येत होते, कोणी मोटर पंप देऊन जात होतं, कॉलेजची पोरं आमच्या घरातला गाळ घमेल्यानं बाहेर काढून, नावही न सांगता पुढच्या घरी जात होती. तुम्ही त्यांच्यातलेच. चांगुलपणा काय असतो ते मला आता कोणी विचारलं तर मला भाषण येत नाही, मी तेलाचं बोट आणि वाटी सांगते.

मधे एकदा २१५ नंबरचं पान घेऊन मी तुमच्याकडं आले होते, पुरानंतरची पहिली उडी, म्हटलं काका इथं एक सही करा. तुम्ही चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि पेन परत दिला. "मी तिथं नव्हतो न बेटा. पाह्यलं नाही त्याच्यावर कशी करू?" मला वाईट नाही वाटलं. तुम्ही केली असती तर मी गोंधळले असते. त्या रकान्यात तिथल्या इन्स्ट्रक्टरची सही आहे, आणि खाली रिमार्कमधे मी तुमचं नाव लिहिलंय, तेवढं मात्र पुसू देणार नाही.

वाटी घेऊन रविवारी येते. सीलची गोळी त्या पुडीतून त्या दिवशी तिच्यातच ठेवली होती आणि तशीच उचलून आणली, माफ करा. काकूंना सांगा संत्रा बर्फी मी आणते, त्यांनी काही करत बसू नये. आणि नातवाच्या ड्रॉइंगच्या दोन नव्या वह्या घेतल्यात, एक बॉलपेनचं पाकीटही. मी आता सगळं त्यानंच लिहिते.

तुमची,
अंबाझरी लेआऊटवाली