अहिराणीचा आवाज परवान्यासह नोंदवा

महोदय,

मोबाइल आता मराठी बातमी वाचून दाखवतो, अंध विद्यार्थ्यांना धडा ऐकवतो. त्याला 'काय करी राहिना भो' हे वाक्य वाचायला द्या. अक्षरे बरोबर येतात, हेल मात्र येत नाही. कारण अहिराणी ही खान्देशातली बोली, आणि ती बोलणाऱ्यांचे आवाज त्याला कोणी ऐकवलेलेच नाहीत. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषेखाली १८ लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली, अहिराणी त्यातच मोजली जाते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही, हे कारण कोणी सांगू नये. भोजपुरी, मगही, छत्तीसगढी याही तिथे नाहीत. तरी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मजकूर वाचून दाखवणारे आवाज घडवण्याच्या 'सिस्पिन' प्रकल्पात मराठीसोबत त्यांना घेतले.

यंत्राचा आवाज घडवायला एकाच माणसाचे अनेक तासांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण लागते आणि प्रत्येक वाक्याचा लेखी मजकूरही. पंखा बंद, माइक रोज तेवढ्याच अंतरावर, नाहीतर खरखरसुद्धा यंत्र आवाज म्हणून शिकते. शिवाय साक्रीची अहिराणी वेगळी, बागलाणची वेगळी, त्यामुळे एका माणसावर भागणार नाही.

आपल्याकडे कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, भालदेव-गौराईची गाणी हौशी लोकांनी खूप टिपून ठेवली आहेत. ती वापरायची कोणी आणि कोणत्या अटीवर, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. त्यामुळे प्रामाणिक संशोधक हात लावत नाही आणि बेफिकीर माणूस उचलून नेतो. मोझिला या संस्थेचा 'कॉमन व्हॉइस' हा लोकांच्या आवाजांचा संग्रह २०१७ पासून 'सीसी झिरो' (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्याखाली खुला आहे, म्हणजे कोणीही कशालाही वापरावा. श्रेय देण्याची अट हवी असेल तर 'सीसी बाय' आहे. मला दुसरा अधिक योग्य वाटतो.

पण परवाना झाला म्हणजे काम संपले, असे नाही. तो ध्वनिमुद्रणाच्या स्वामित्वहक्कापुरता असतो, आणि एकदा दिला की मागे घेता येत नाही. आपल्या तोंडून कधी न निघालेली वाक्ये उद्या आपल्याच आवाजात ऐकू येतील, हे आवाज देणाऱ्या बाईला अहिराणीत समजावून सांगितले का? सही घेण्याआधी घरच्यांना विचारायला वेळ दिला का? मानधन दिले का? आवाजाची नक्कल करून पैसे मागणारे फोन येतात, त्या काळात ही विचारपूस मला परवान्याइतकीच महत्त्वाची वाटते. नको म्हणणाऱ्याला तसेच सोडून द्यावे.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने हे काम हाती घ्यावे. धुळे, नंदुरबार, जळगाव आणि बागलाण इथल्या स्त्री-पुरुषांचे आवाज घ्यावेत, संमतीपत्र अहिराणीत छापावे आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक ध्वनिफितीसोबत जोडूनच संग्रह खुला करावा. त्यासाठी निवडलेली वाक्ये तरी शेताची, बाजाराची, दवाखान्याची असावीत, पुस्तकी मराठीची अहिराणी केलेली नकोत.

– एक वाचक, अमळनेर