रिंगणाच्या आधी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू कॅमेऱ्याचे मोड विचारलेस आणि मी घोड्यांवर घसरलो. तू फोन ठेवलास. म्हणून आज फक्त मोडचंच लिहितो.

सदाशिवनगरच्या गोल रिंगणात कॅमेऱ्याची मोडची चकती हिरव्या चौकोनावर, म्हणजे ऑटोवर, नको. ऑटोवर उजेड कमी पडला की फ्लॅश आपणहून वर येतो. धावत्या जनावराच्या डोळ्यांवर तो उडाला तर काय होईल, ते सांगायला नको. टीव्ही मोड लाव, त्यात शटरचा वेग आपण ठरवायचा; तो १/१००० सेकंद ठेव, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर. आषाढातलं आभाळ आहे. अ‍ॅपर्चरचा (लेन्समधल्या छिद्राचा) आकडा लुकलुकायला लागला की उजेड पुरत नाही असं समज आणि १/५०० वर ये.

आणि लेन्सचा झूम १८ मिमीवर नेऊ नकोस. १८ वर घोडा आहे त्याहून लांब दिसतो, आणि तू एकेक पाऊल पुढे सरकत जाशील. ५५ वर ठेव, दोरीपासून मागे उभी राहा. स्वाराच्या अश्वावर निदान माणूस तरी असतो, माउलींच्या अश्वावर कुणी नसतं. तो कुठे वळेल ते तोच जाणे. अश्व गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं आत झेपावतात. त्या वेळी डोळा कॅमेऱ्याला लावून राहू नकोस.

झालं, पुन्हा तेच. राहू दे.

चेहऱ्यांसाठी एव्ही, त्यात छिद्राचा आकडा आपण ठरवायचा. तुळस डोक्यावर घेतलेल्या बायकांना ५५ वर एफ ५.६ ठेवलंस की मागची गर्दी विरघळते. सगळीकडे पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या; कॅमेरा त्यांना राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर अधिक एकवर ने. एम, म्हणजे सगळं हाताने, रात्रीच्या कीर्तनाला, कारण मंडपातले दिवे बदलत नाहीत. एरवी चालताना पी पुरे, त्यात शटर आणि छिद्र कॅमेराच ठरवतो.

आमच्या जुन्या याशिका कॅमेऱ्याला ही मोडची चकतीच नव्हती. रोलमध्ये १२ फोटो, उजेड डोळ्यांनी मोजायचा. तू डार्करूममध्ये लाल दिव्याखाली स्टुलावर बसून ट्रेमधला कागद काळा होताना बघायचीस आणि शेंगदाणे खात मोठ्याने आकडे मोजायचीस. नाना म्हणायचे, पोरीला डेव्हलपरचा वास लागलाय. दादा मात्र दारातून आत यायचा नाही.

तुझा दिवे घाटातला फोटो मी सलूनमध्ये सगळ्यांना दाखवला. मी असतो तर पताका वर घेतल्या असत्या. तू पाऊस घेतलास. तेच बरं.

एवढं शहाणपण मी सांगायची गरज नाही, कळतं मला. पण जनावर आहे गं ते, आणि गर्दी त्याहून अवघड.

माळशिरसच्या मुक्कामी पोचलीस की आधी आईला फोन कर, फोटोंचं नंतर.

बाबा

ता. क. जादा बॅटरी नानांच्या दिंडीतल्या ट्रकवर पाठवली आहे, चिवड्याच्या डब्यात.