पाकिटातले जिवाणू जिवंत तरी आहेत का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या कृषी पुरवणीत खरिपाच्या तयारीवर लेख आला होता. पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू खत चोळा, एवढं एक वाक्य त्यात होतं. सल्ला योग्यच आहे. पण ते पाकीट शेतकऱ्याच्या हाती पडतं तेव्हा आत काही जिवंत उरलेलं असतं का, यावर अवाक्षर नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. नोकरीचा मोठा भाग काड्या शोधण्यात गेला. काड्या म्हणजे क्षयाचे जिवाणू. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले, तेच. थुंकीच्या स्लाइडवर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतायचा, खालून वाफ निघेपर्यंत तापवायचा पण उकळू द्यायचा नाही, मग आम्लाने रंग उतरवायचा आणि वर मिथिलीन ब्लू. निळ्यावर गुलाबी, जराशी वाकलेली काडी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडचे शंभर फील्ड, म्हणजे एकेका नजरेत मावणारे भाग, बघितल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. शंभरात एक ते नऊ काड्या सापडल्या तर जितक्या सापडल्या तितकाच आकडा लिहायचा. वर आमच्या स्लाइडा फेरतपासणीला जायच्या, आणि तपासणाऱ्याला आमचा निकाल माहीत नसायचा. कंटाळा यायचा, पण त्या शिस्तीमुळे रिपोर्टवर विश्वास ठेवता यायचा.

आता घरची शेती धाकटे दीर बघतात. सोयाबीन आणि तूर. त्यांचं म्हणणं, “वयनी, त्या पुडीनं काई फरक पडत नाई. दरसाल लावतो, दरसाल सारखंच.” त्यांना मी दोष देत नाही. गेल्या मे महिन्यात त्यांच्याबरोबर तालुक्याच्या एका कृषी केंद्रात गेले होते. रायझोबियमची, म्हणजे त्याच जिवाणू खताची, पाकिटं टिनाच्या शेडखाली, युरियाच्या थप्पीवर, थेट उन्हाच्या तिरपेत पडलेली. बाहेर आमच्याकडचं मेचं ऊन, पत्र्याखाली तर हात लावला तरी पाकीट गरम लागत होतं. पाकिटावर छापलेलं होतं, थंड व कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावे. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, “मुदत आहे ना ताई अजून.”

इथे एक साधी गोष्ट कोणी समजावून सांगत नाही. सगळे काडीसारखे जिवाणू एका चिवटपणाचे नसतात. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या घराण्यांतले जिवाणू परिस्थिती बिघडली की बीजाणू बनवतात, जाड कवचाचे, आणि तसेच वर्षानुवर्षं पडून राहतात. जनावरांच्या फऱ्याचे बीजाणू असेच मातीत टिकतात, म्हणून पावसाळ्याआधी लस टोचावी लागते. काळपुळीचं तेच, धनुर्वाताचं तेच. रुग्णालयात वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, ऑटोक्लेव्हला, १२१ अंश तापमान आणि १५ पौंड दाब द्यावा लागतो तो या बीजाणूंसाठी. यंत्र नीट चालतं का हे बघायलाही अशाच एका उष्णताप्रेमी जिवाणूच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवतात. ती मेली तर बाकी सगळं मेलं असं समजायचं.

अळीवर फवारायचं बीटी हेही बॅसिलसच. कपाशीत २००२ पासून ज्याचा जनुक आला आणि ज्याला पुढे गुलाबी बोंडअळी जुमानेनाशी झाली, तोच जिवाणू. त्याच्या भुकटीत बीजाणू असतात, त्यामुळे दुकानातली थोडी हेळसांड ती सोसते. धुण्याच्या पावडरीतलं रक्ताचे डाग काढणारं एन्झाइमही बॅसिलसच्या टाक्यांमधूनच येतं, पण तिथे जिवाणू जिवंत पोहोचवायचाच नसतो. त्याने बनवलेला माल पोहोचला की काम झालं.

रायझोबियमचं तसं नाही. तोही काडीच, पण त्याला बीजाणू करता येत नाहीत. तो जिवंतच पोहोचावा लागतो. सोयाबीनच्या मुळावर गाठी धरून हवेतला नत्र पिकाला द्यायचं काम मेलेला जिवाणू कसा करणार? कढत दुधात विरजण टाकून दह्याची वाट बघण्यासारखं आहे ते. खत नियंत्रण आदेशात यासाठी आकडा ठरवून दिलेला आहे: भुकटीच्या दर ग्रॅममागे किमान ५ कोटी, द्रवरूप खताच्या दर मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत पेशी. कारखान्यातून निघताना असतीलही तेवढ्या. पत्र्याखाली महिना काढल्यावर किती उरल्या?

त्यात घरची चूक वेगळी. थायरमसारखं बुरशीनाशक आणि रायझोबियम एकाच घमेल्यात कालवून बियाण्याला चोळणारे मी गावात पाहते. बुरशीनाशक आधी लावून वाळवायचं, मग लागलंच तर कीटकनाशक, आणि जिवाणू खत सगळ्यात शेवटी, गुळाच्या पाण्यात, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम. सावलीत सुकवून लगेच पेरायचं. एवढं केलं तरी पाकीट आधीच मेलेलं असेल तर उपयोग शून्य, आणि बदनामी मात्र जिवाणू खताची होते.

शेतकऱ्याला स्वतः बघता येईल अशी एक खूण आहे. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी सोयाबीनचं झाड खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी तुटून जमिनीतच राहतात. मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि मोठीशी गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती कामावर आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. जन्मभर लोकांचं हिमोग्लोबिन तपासल्यावर झाडाच्या मुळात ते बघताना मला अजून गंमत वाटते. पांढरी किंवा हिरवट निघाली, किंवा गाठीच नसल्या, तर समजायचं ते समजा. जुन्या सोयाबीनच्या रानात आधीच्या हंगामातले जिवाणूही असतात, त्यामुळे गाठी दिसल्या म्हणजे पाकीट चांगलंच होतं असं मात्र नाही. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं.

म्हणून कृषी विभागाला माझी मागणी आहे. मे महिन्यात सोयाबीनची उगवणक्षमता घरी कशी तपासायची याची प्रात्यक्षिकं गावोगाव होतात, चांगली होतात. तीच तत्परता जिवाणू खताबाबत दाखवा. नमुने माल गोदामात उतरतो त्या दिवशी काढू नका. पेरणीच्या तोंडावर, दुकानाच्या फळीवरून काढा. ज्या दुकानात सावलीची, थंड जागा नाही त्याला हा माल विकू देऊ नका. निकाल पेरणी संपायच्या आत तालुक्याच्या फलकावर लावा. आणि नमुना नेताना बर्फाच्या डब्यात न्या. जीपच्या मागे उन्हात पडून गेला, तर आमच्याकडे माल जिवंतच होता, तुमच्या गाडीत मेला, असं म्हणायला विक्रेता मोकळा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
कारंजा (लाड), जि. वाशीम