खाडीचा अमोनिया खाडीवरच मोजा : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

दाभोळ खाडीत मासे मरून काठाला लागले की पाण्याचे नमुने नेले जातात आणि अहवाल हाती येईपर्यंत कितीतरी भरत्या-ओहोट्या होऊन गेलेल्या असतात. आमच्या वाडीसमोर असे घडले तेव्हा अहवालात अमोनियाचा आकडा होता, परंतु नमुना घेताना पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे ते दाखवणारा आकडा) आणि तापमान किती होते, याची नोंदच नव्हती. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या मला ही उणीव फार लागली.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, मुक्त अमोनिया आणि विद्युतभारित अमोनियम आयन; कोणते रूप किती, हे सामू आणि तापमानावर ठरते. माशांना मारतो तो मुक्त अमोनिया. अमोनियम आयन त्या मानाने फारच कमी घातक. गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही मुक्त नसतो, ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाहून अधिक होतो. मत्स्यपालनाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची १.२ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादाही मुक्त अमोनियाचीच आहे. मग सामू न नोंदवता ती पाळली गेली की नाही, हे कशावरून ठरवायचे?

म्हणून खाडीवर कायमस्वरूपी यंत्रे बसवावीत, मात्र ती खाऱ्या पाण्याची असावीत. अमोनियम आयन मोजणारी साधी कांडी समुद्राच्या पाण्यातील सोडियम आणि पोटॅशियममुळे फसते, आणि अमोनिया रंगावरून ओळखणाऱ्या नेस्लरच्या द्रावणाने खाऱ्या पाण्यात गढूळपणा येतो, शिवाय त्यात पारा असतो. आधी अल्क मिसळून अमोनिया वायुरूपात आणणारी आणि मग पातळ पडद्यातून तो टिपणारी यंत्रे येथे अधिक उपयोगी आहेत. त्यांवर शेवाळ आणि कालवे धरणारच, तेव्हा साफसफाईची तरतूद खरेदीबरोबरच व्हावी.

हवेबाबत एकच सांगतो. बंदरांवरील बर्फाच्या कारखान्यांत थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात, तेथे गळतीची घंटा हवीच, पण दशलक्ष भागांत २५ भागांवर वाजणारी घंटा म्हणजे घनमीटरला सुमारे १७,००० मायक्रोग्रॅम, आणि परिसरातील हवेची २४ तासांची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे. शेजारच्या वस्तीसाठी वेगळे, सूक्ष्म मोजणारे यंत्रच लागेल.

यंत्रे येईपर्यंत सामू, तापमान आणि भरतीची वेळ नोंदवण्याची साधने आम्हांस द्यावीत. वाडीतील मच्छीमार पहाटे होडी घेऊन जातातच. त्यांना नोंदी शिकवण्याचे काम मी विनामोबदला करीन.

आपला नम्र,
खाडीकाठचा एक निवृत्त शिक्षक