समद्विभुज त्रिकोणांत संगती दोन निघतात

महोदय,

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने घटक चाचणीचा पेपर आणून दाखवला. त्रिकोण एबीसीमध्ये एबी = एसी = ५ सेमी, बीसी = ६ सेमी; त्रिकोण पीक्यूआरमध्ये पीक्यू = पीआर = ५ सेमी, क्यूआर = ६ सेमी. संगत, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या, कोनांच्या जोड्या लिहायच्या होत्या. तिने बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी लावली, एबीसी ↔ पीआरक्यू अशी संगती (ए-पी, बी-आर, सी-क्यू अशी शिरोबिंदूंची जुळणी) धरली आणि कोन बी एकरूप कोन आर, कोन सी एकरूप कोन क्यू असे लिहिले. त्यावर लाल फुली! नमुना उत्तरात एबीसी ↔ पीक्यूआर होते, एवढेच कारण.

एबी = पीआर, बीसी = आरक्यू, एसी = पीक्यू. तिन्ही बाजू जुळतात, मग चुकले कुठे? समद्विभुज त्रिकोणांत अशा दोन संगती निघतात, समभुजांत तर सहा. विषमभुजांत मात्र एकच. तिथे अक्षरांचा क्रम चुकला तर गुण खुशाल कापा.

गाडी अडते ती आकृत्यांमुळे. दोन्ही त्रिकोण शेजारी शेजारी, एकाच बाजूला तोंड करून काढलेले. मुले डावीकडच्या कोनाला डावीकडचा कोन जोडून मोकळी होतात; दुसरा त्रिकोण पालथा घातला की गोंधळ. म्हणून मी आधी आकृती काढूच देत नाही. फळ्यावर फक्त मापे: एबी ५, बीसी ६, सीए ७, क्यूआर ५, आरपी ६, पीक्यू ७. बीसीसमोर कोन ए. बीसीएवढी बाजू आरपी, तिच्यासमोर कोन क्यू. झाली एक जोडी. ७ सेमीच्या बाजूंसमोर बी आणि आर. उरले सी आणि पी. म्हणजे एबीसी ↔ क्यूआरपी.

आणि ज्या उलट्या संगतीवर फुली पडली, तिच्यावरच तर चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाची सिद्धता उभी आहे! एबी = एसी असलेला त्रिकोण त्याने स्वतःशीच ताडला, एबीसी ↔ एसीबी. कोन ए सामाईक, बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी, म्हणून पायाचे कोन एकरूप. युक्लिडला याच प्रमेयासाठी बाजू वाढवाव्या लागल्या होत्या. इथे एक रेघही जास्तीची नाही.

नमुना उत्तरे काढणाऱ्यांनी समद्विभुजांच्या प्रश्नाखाली दोन्ही संगती द्याव्यात, नाहीतर प्रश्नच विषमभुज त्रिकोणांवर काढावा.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, कराड